लॉजची पायरी

चारित्र्याच्या बाबतीत सोलापुरात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो! म्हणूनच बँकेतल्या साहेबांनी गुपितं पाळणाऱ्या फ्रीमेसन मंडळींच्या जुन्या संस्थेत यायला सुचवलं, तेव्हा मी लगेच काळा सूट शिवायला टाकला. या लोकांना सभासद हवा तो सच्छील, शब्दाचा पक्का. आधी घरी येऊन ते उमेदवाराच्या वागणुकीची चौकशी करतात. करा म्हटलं, खुशाल करा!

या संस्थेच्या शाखेला लॉज म्हणतात. सगळा घोटाळा तिथेच झाला.

वैष्णवी बाळंतपणाला माहेरी, अकलूजला गेली होती. घरात मी आणि माझे वडील, आप्पा. आप्पा जन्मभर मार्केट यार्डात तोलार. कांद्याची पोती तोलताना कधी काटा दाबला नाही की कधी खोटं बोलले नाहीत. रोज गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, मगच चहा. अलीकडे हृदयाच्या दुखण्यामुळे खाटेवरच असायचे.

एका संध्याकाळी लॉजनं उमेदवारांसाठी ठेवलेल्या जेवणाला सूट घालून, अत्तर लावून निघालो, तर त्यांनी विचारलं, "कुटं निघालास?"

"लॉजवर."

"सून म्हायेरी आसताना?"

"म्हणून तर वेळ मिळतोय, आप्पा."

"आन् तितं काय करतोस?"

"ते बाहेर सांगायचं नसतं. पण लई मोठी माणसं येतात. डॉक्टर, वकील."

"डाक्टरबी?" म्हणत त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. एसटी स्टँडजवळ तासावर खोली मिळते ते लॉज, एवढंच त्यांना ठाऊक. हे माझ्या टाळक्यात आलंच नाही!

पुढे एका दुपारी, मी बँकेत असताना, लॉजचे दोन गृहस्थ घरी येऊन गेले. त्या दिवसापासून आप्पांनी पूजा सोडली. विचारलं तर म्हणाले, हात विटाळलाय. मला वाटलं, दुखण्यानं डोकं चालत नाही. त्याच आठवड्यात आप्पा गेले. पुरताना आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे इष्टलिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि बोटं मी मिटवली.

समाचाराला साहेब आले. हळूच म्हणाले, "सिद्धाराम, तुमची निवड झाली, ती वडिलांमुळे. आमच्या माणसांनी मुलाचं चारित्र्य विचारलं. वडिलांना वाटलं, तुमच्या सासरकडचे आलेत. इष्टलिंग हातात धरून म्हणाले, 'माजं पोरगं लॉजची पायरी कदी चढलेलं न्हाय. सुनेला सांगा, बाळाला घेऊन घरी ये म्हनावं.' आमची माणसं हसत परत आली, पण अशा बापाच्या शपथेवर त्यांचा विश्वास बसला."

जन्मात एकदाच आप्पा खोटं बोलले, ते माझा संसार मोडू नये म्हणून.

पण खोटं कुठलं? दीक्षा झाल्याशिवाय लॉजमध्ये आत घेतच नाहीत. माझी सगळी जेवणं बाहेरच्या हिरवळीवर झाली होती. मी लॉजची पायरी खरोखरच चढलो नव्हतो! आप्पा खरंच बोलले होते, आणि ते त्यांना कळलंच नाही. मला अजून ते सहन होत नाही.

साहेबांना मी नकार कळवला. सूट मात्र बारशाला घालून अकलूजला गेलो. वैष्णवीनं कौतुकानं विचारलं, "एवढा झकास सूट कशासाठी शिवलात?"

खरं सांगायला तोंड उघडलं, पण 'लॉज' या शब्दाशीच भिंतीकडे वळलेले आप्पा डोळ्यांसमोर आले.

"बँकेच्या स्नेहसंमेलनासाठी," मी म्हणालो.

तेव्हा आमच्या घरात खोटं बोलणारा आजवर एकच निघाला. लॉजनं निवडलेला!