गोल्डवाल्यांची रांग

"एकदाचं सांगून टाक, कुठल्या कंपनीची गाडी घ्यायची. माझी भाजी करपतेय," स्वी ग्योक म्हणाली.

तेक सूनने चष्मा कपाळावर सरकवला. "असं एकदाचं सांगता येत नाही. एका कंपनीचं भाडं कमी, पण विमा अर्धवट. दुसरीचा विमा पुरा, पण दुसऱ्या ड्रायव्हरचे वेगळे पैसे. तिसरी पेट्रोलची टाकी भरून देते आणि परत घेताना रिकामी केलीत तरी चालेल म्हणते. आता टाकी रिकामी होईल आणि तरी विमानतळावर पोचू, हे जमवायचं कसं?"

"ढकलत," स्वी ग्योक म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

हा संवाद सिंगापुरातल्या बेडोक भागातल्या त्या फ्लॅटमध्ये पहिल्यांदा झाला तेव्हा जरा गमतीचा होता. पुढे तो रोज व्हायला लागला. तेक सून पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर कुणी मासे पाळतो, कुणी देवळात जातो. तेक सून भाड्याच्या गाड्यांच्या अटी वाचायचा. आणि त्याला कारण होतं. कारणाचं नाव ओंग ग्वेक नेओ, म्हणजे त्याची सासू, स्वी ग्योकची आई.

आमच्या सिंगापुरात गाडी घेण्याआधी गाडी घेण्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि तो गाडीहून महाग पडतो. त्यामुळे शहाणी माणसं बसने जातात आणि बस किती छान आहे ते एकमेकांना सांगतात. पण ग्वेक नेओबाईंना हे पटलेलं नव्हतं. तेक सून पहिल्यांदा त्यांच्या घरी गेला तेव्हा त्यांनी चहाच्या आधी विचारलं होतं, "गाडी आहे का?" तो म्हणाला, "होईल." त्यानंतर दर चिनी नववर्षाला त्या त्याने आणलेली शुभाची संत्री हातात घेता घेता विचारत आल्या, "काय, झाली का?"

आणि आता त्यांची धाकटी बहीण ग्वेक पो ऐंशी वर्षांची होत होती. ती ऑस्ट्रेलियात, पर्थच्या दक्षिणेला बनबरी गावात लेकीजावयाकडे राहायची. जावयाचं नाव रेमंड. रेमंडकडे तीन गाड्या होत्या. हे ग्वेक पो दर रविवारी फोनवर सांगायची. कधी कधी एखादीला ओरखडा गेला म्हणून सांगायची, पण सांगायची. वाढदिवसाच्या जेवणाला ग्वेक नेओबाईंनी जायचं ठरवलं, आणि तेक सूनने मनाशी ठरवलं की आयुष्यात एकदा तरी सासूबाई आपल्या शेजारी, आपण चालवत असलेल्या मोठ्या गाडीत बसतील, आणि ती गाडी रेमंडच्या दारात थांबेल.

शेवटी त्याने बॅनक्रॉफ्ट कार्स ही कंपनी निवडली, ती तिच्या गोल्ड मेंबरशिपसाठी. गोल्ड मेंबर झालं की लहान गाडीचे पैसे भरून मोठी गाडी मिळते, दुसरा ड्रायव्हर फुकट असतो, आणि मुख्य म्हणजे काउंटरला रांग नसते. गोल्डवाल्यांचं वेगळं आवार असतं. तिथे गाड्या ओळीने उभ्या, किल्ली आतच. मनाला येईल ती घ्या आणि निघा. तेक सून हे वाक्य मोठ्याने वाचायचा. "मनाला येईल ती, स्वी ग्योक. मनाला येईल ती."

अडचण एवढीच होती की गोल्ड होण्यासाठी त्या कंपनीच्या भरपूर गाड्या आधी भाड्याने घ्याव्या लागत. तेव्हा ही दोघं दर पंधरवड्याला बसने पूल ओलांडून मलेशियात जोहोरला जायची, तिथे गाडी घ्यायची, मॉलच्या तळघरात उभी करायची, नूडल्स खायची आणि गाडी परत देऊन बसने घरी यायची. सुरुवातीला तेक सून चालवायचा. पुढे त्याला मोबाईलवर गुण जमा झाले की नाही ते बघायचं असायचं, म्हणून स्वी ग्योक चालवायला लागली.

"आपण कुठे चाललोय?" तिने एकदा विचारलं.

"गोल्डकडे."

"मला वाटलं, मॉलकडे. वळायचं राहिलं बघ."

अखेर मेंबरशिप आली. तेक सूनने ती मोबाईलवर सासूबाईंना दाखवली. त्यांनी मोबाईल लांब धरला. "बँकेचं आहे का?"

"नाही मा, गाडीचं."

"गाडी कुठंय?"

"पर्थला."

"म्हणजे अजून नाहीच," त्या म्हणाल्या.

रात्रीच्या विमानात तिघांपैकी कुणालाच झोप लागली नाही. सकाळी पर्थला उतरल्यावर कस्टमच्या माणसाने ग्वेक नेओबाईंचा अननसाच्या टार्टचा डबा उघडायला लावला, आणि एक एक टार्ट अशा नजरेने पाहिलं की बाईंनी त्याला शेवटी विचारलं, "भूक लागलीय का?" या सगळ्यातून बाहेर पडेपर्यंत तिघंही पार पिळून निघाली होती. तेक सूनच्या चेहऱ्यावर मात्र तेज होतं. "आता बघा," तो म्हणाला. "आता रांग नाही."

बॅनक्रॉफ्टच्या ऑफिसाला दोन दारं होती. डावीकडे साधं काउंटर. तिथे एक मुलगी एकटीच बसून नखांकडे बघत होती. उजवीकडे सोनेरी पाटी. त्या पाटीखालून रांग सुरू होत होती, दारातून बाहेर पडत होती, आवाराच्या दोरीला लागून पुढे जात होती आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होत होती.

"हे सगळे कोण?" स्वी ग्योकने विचारलं.

हे सगळे त्यांच्याच विमानातले होते. सगळे आपलेच. पायात चपला, हातात टिश्यूची पाकिटं, आणि रांग दिसताच आधी तिच्यात उभं राहून मग ती कशाची ते विचारण्याची आपली पद्धत. तेक सून शेवटी जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढे टोपी घातलेला एक गृहस्थ होता.

"तुम्ही गोल्ड?" तेक सूनने विचारलं.

"हो ना. तुम्हीपण? बँकेकडून?"

"कसली बँक?"

"अहो, क्रेडिट कार्डवाल्यांनी गेल्या महिन्यात सगळ्यांना फुकट दिलं की गोल्ड. माझ्या बायकोला आहे, मेव्हण्याला आहे. मेव्हण्याला तर गाडी चालवताच येत नाही." टोपीवाल्याने निरखून पाहिलं. "तुम्हाला नाही दिलं? मग तुम्ही कसे गोल्ड?"

"मी..." तेक सून म्हणाला, "मिळवलं."

"म्हणजे, गाड्या घेऊन? भाडं भरून?" टोपीवाल्याने मागे वळून बायकोला हाक मारली. "अगं, इकडे ये, यांना बघ."

रांग हलत नव्हती. परदेशी लायसन एकदा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गाडी द्यायची नाही असा तिथला नियम होता, आणि गोल्डवाल्यांची लायसनं पाहायला आवाराच्या फाटकाशी टपरीवजा केबिनमध्ये केली नावाची एकच बाई होती. ती प्रत्येकाला "प्रवास कसा झाला?" असं विचारायची, आणि आपली माणसं खरोखर सांगायची.

"ते साधं काउंटर रिकामं आहे," स्वी ग्योक म्हणाली.

"साधं आहे ते."

"रिकामं आहे."

"स्वी ग्योक, आपण गोल्ड आहोत!"

"बाराला केक कापणार आहेत. मा बाकावर बसलीय, तिचे पाय सुजलेत. गोल्डने सूज उतरते का?"

तेक सूनचं तिकडे लक्षच नव्हतं; दोरीपलीकडे त्याला ती दिसली होती. पांढरी, उंच, सात जणांची गाडी. रेमंडच्या तिन्ही गाड्या तिच्या सावलीत उभ्या राहिल्या असत्या. मोठी अशी ती एकच होती. तेक सूनने एका हाताने दोरी वर केली, वाकून आत गेला, खिशातलं टिश्यूचं पाकीट काढलं, बोनेटवर मधोमध ठेवलं आणि शांतपणे रांगेत परत आला.

यात वावगं काही नव्हतं. आपल्याकडे खाण्याच्या ठिकाणी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल आपलं. मग माणूस पलीकडच्या टोकाला जाऊन सावकाश सूप आणू शकतो. हातात गरम वाटी घेऊन लोक ताटकळतील, पण ते पाकीट हलवायची कुणाची छाती होत नाही. टोपीवाल्याने मान डोलावली, दोरीखालून गेला आणि एका निळ्या गाडीवर आपलं पाकीट ठेवून आला. मग त्याच्या पुढचा गेला. बघता बघता आवारातल्या गाड्यांच्या बोनेटांवर पाकिटंच पाकिटं झाली, आणि रांगेत एकदम समाधान पसरलं. आता घाई नव्हती. घाई फक्त स्वी ग्योकला होती, आणि ती केव्हाच निघून गेली होती. तेक सूनला वाटलं, आईचे पाय दाबायला गेली असेल.

तेवढ्यात बाहेरून एक स्थानिक माणूस आला. अर्धी चड्डी, उन्हाने लाल झालेली मान. त्याने केलीला हात केला, केलीने त्याला हात केला. त्याचं लायसन इथलंच, त्यामुळे पाहायचं काही नव्हतं. तो सरळ पांढऱ्या गाडीपाशी गेला. रांगेत कुणीतरी हसलं. "पाकीट दिसलं नाही वाटतं त्याला."

त्याला पाकीट दिसलं. त्याने ते उचललं, कौतुकाने उलटसुलट पाहिलं, फोडलं, एक टिश्यू काढला आणि मोठ्याने नाक शिंकरलं. मग उरलेलं पाकीट खिशात टाकलं, केलीकडे बघून, कंपनीने छान सोय केली आहे अशा अर्थाने अंगठा वर केला, आणि गाडी घेऊन गेला.

हिशेब चुकवणारे, नियम वाकवणारे रांगेतल्या सगळ्यांनी पाहिले होते, पण हे कुणीच पाहिलं नव्हतं.

"टिश्यू होता," टोपीवाला पुटपुटला. "टिश्यू असताना!"

तेक सून रांग सोडून केलीच्या केबिनशी धावला. "ती पांढरी गाडी माझी होती!"

"तुम्ही घेतली होती, सर?"

"घेतली नव्हती. ठेवली होती. टिश्यू ठेवला होता."

केलीने त्याच्याकडे मायेने पाहिलं. "सर्दी झालीय का तुम्हाला?"

"सर्दी नाही! टिश्यू म्हणजे... टिश्यू असला की माणूस येणार असतो."

"येतोच ना," केली म्हणाली. "हरकत नाही, दुसरी घ्या. मनाला येईल ती घ्या."

तेक सून वळला. आवार गाड्यांनी भरलेलं होतं, आणि जवळजवळ प्रत्येक गाडीवर पाकीट होतं. रांगेतले सगळे त्याच्याकडे बघत होते. एकेक पाकीट वाऱ्याने किंचित हलत होतं. तेक सूनने एका करड्या गाडीच्या बोनेटकडे हात नेला मात्र, त्याची बोटं आपोआप मागे आली. त्याच्या हातून ते झालं नसतं. त्याच्या बापाच्या हातूनही झालं नसतं.

पाकीट नसलेली एकच गाडी उरली होती. पिवळीजर्द, छप्पर नसलेली, दोन सीटची.

"ही तर आमची सगळ्यात महागडी," केली केबिनमधून ओरडली. "गोल्डला त्याच भाड्यात!"

"आम्ही तिघं आहोत," तेक सून म्हणाला. "आणि तिसरी सासू आहे."

मागून हॉर्न वाजला. साध्या आवाराच्या फाटकातून एक बुटकी, शेवाळी रंगाची गाडी बाहेर आली होती. स्टिअरिंगवर स्वी ग्योक होती. शेजारी ग्वेक नेओबाई मांडीवर डबा घेऊन, पाय लांब करून बसल्या होत्या.

"चल," स्वी ग्योक म्हणाली. "माझ्या नावावर घेतली."

"साधी?"

"साधी. दोन मिनिटं लागली. त्या मुलीने मला खुर्ची दिली."

"मला चालवू दे निदान."

"तुझं नाव नाही यावर. दुसऱ्या ड्रायव्हरचे वेगळे पैसे पडतात, आणि तू पडलास गोल्ड, म्हणून तुझं लायसन त्या केबिनलाच दाखवायचं. जा, लाग परत रांगेत."

तेक सूनने रांगेकडे पाहिलं. मग मागचं दार उघडलं. डिकीत दोनच बॅगा मावल्या होत्या. तिसरी त्याने मांडीवर घेतली, चौथी पायाशी, आणि तो त्यांच्या मधे शिरला.

"मा," थोड्या वेळाने तो बॅगेमागून म्हणाला, "मी मोठी गाडी घेणार होतो. उंच. पांढरी."

"मघाशी गेली ती? तिच्यात चढले असते कशी मी? शिडी घेणार होतास?" ग्वेक नेओबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

बनबरीला पोचले तेव्हा केकवरच्या मेणबत्त्या अजून लावायच्या होत्या. अंगणात रेमंडच्या तीन गाड्या धुऊन ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्यापुढे स्वतः रेमंड. शेवाळी गाडी त्याच्यासमोर थांबली. ग्वेक नेओबाई दार उघडून हात न धरता उतरल्या.

"ताई!" ग्वेक पोने मिठी मारली. "जावई कुठाय तुझा?"

"मागे. बॅगांखाली."

"मग चालवलं कुणी?"

"माझ्या लेकीने. सबंध रस्ता." ग्वेक नेओबाईंनी तीन गाड्यांवरून नजर फिरवली. या प्रश्नाला उत्तर देण्यात त्यांना गोडी वाटतेय हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. "आमच्याकडे चालवते ती. जावई मागे बसतो, सामान धरतो. कुरकुर नाही, काही नाही. तुझ्याकडे कोण चालवतं?"

ग्वेक पो काही बोलायच्या आत तिची लेक आयरीन रेमंडकडे वळली. "तीन गाड्या आहेत आपल्याकडे. एकीची तरी किल्ली कधी हातात दिलीस?"

"अगं, तू कधी मागितलीस?"

"स्वी ग्योकने मागितली असेल? समजायला नको माणसाला?"

तेक सून तेव्हा बॅगेखालून एक पाय सोडवत होता. आयरीनने त्याची बॅग स्वतः उचलली.

जेवताना रेमंड त्याच्या शेजारी येऊन बसला. "खरं सांग," तो दबक्या आवाजात म्हणाला, "तू खरंच तिला चालवायला देतोस? आपणहून?"

समोर वाफवलेला मासा आला होता. अख्खा, आल्याच्या काड्या पसरलेला. तेक सूनने खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलापलीकडून ग्वेक नेओबाईंच्या जेवायच्या काड्या आल्या, आणि माशाच्या गालाचा तो मऊ तुकडा, जो आपल्याकडे घरातल्या सगळ्यात मानाच्या माणसाला मिळतो, त्याच्या वाटीत पडला.

तोंड उघडलेलंच होतं. तेक सूनने तुकडा खाल्ला.