फिलोमिनाच्या कपाळावरचं भस्म

"औंदा भजनी मंडळाची अध्यक्ष मीच! काशम्मानं पोतंभर बेल वाह्यला म्हणून काय झालं? म्या रातभर जागून महादेवाजवळ मागितलंय!" शिवरात्रीचं पारणं सोडताना नागव्वानं नवऱ्याला, मडिवाळप्पाला, बजावलं.

आणि महादेवानं बुधवारीच उत्तर धाडलं की! वरच्या मजल्यावरची भाडेकरू, नर्स फिलोमिना, रात्रपाळी उरकून जिना चढत होती. कपाळाला भस्म!

नागव्वाच्या हातातलं सूप निसटलं. "अय्यो! भस्म गं?"

"हो काकू, फादरनी लावलं. आजपासून मटण बंद."

फादर कानाबाहेरच राहिला. 'मटण बंद' तेवढं आत शिरून जत्रेतल्या ढोलासारखं घुमलं. वरून येणाऱ्या रविवारच्या वासापायी बिचारीनं वर्षभर किती ऊद जाळला होता!

पण भस्म कसलं ते! एक रेघ उभी, एक आडवी. "शिकाऊ दिसतोय गं तुझा भस्म लावणारा अय्या!" म्हणत तिनं ओल्या पदरानं ते पुसलं नि आपल्या देव्हाऱ्यातल्या भस्माचे तीन बोटांनी तीन झोकदार पट्टे ओढले. पेंगुळलेली फिलोमिना मायेचा हात समजून वर झोपायला गेली.

संध्याकाळपर्यंत नागव्वाची ओवी गल्लीभर फिरली:

भस्म लाविलं भाळाला, बाई उजळलं ऊन,
वरच्या मजल्याची नर्स झाली शंकराची सून!

शेजारच्या गच्चीवर रमजानचा चंद्र शोधणारी शहनाजभाभीसुद्धा ती ऐकण्यातून सुटली नाही. "अम्मा, पैले चाँद तो दिखने देव!"

अध्यक्ष निवडायला अंगणात मंडळ जमलं. नागव्वाच्या भक्तीचा पुरावा म्हणून फिलोमिनाला खाली बोलावलं.

"का गं," काशम्मानं डोळे बारीक केले, "मटण कायमचं सोडलंस?"

"छे हो! हा आमचा उपवासकाळ. दरवर्षीच असतो. ईस्टरला सुटला की बिर्याणी!"

"आणि हे पट्टे?"

"नागव्वाकाकूंनी काढले. माझा क्रूस पुसून."

बायका पदरात तोंड घालून खिदळल्या. नागव्वाचा चेहरा शिळ्या कडक भाकरीसारखा झाला. पण हटेल ती नागव्वा कसली!

"असू दे! पर माझ्या घरात कुनाच्या तोंडाला मटण लागलं न्हाय, सात पिढ्यांत! अध्यक्षाला आनि काय लागतं?"

माना डोलल्या. "खरं हाय की!" कुणीतरी म्हणालं. काशम्मा हिरमुसली. नागव्वानं पदर सावरला. अध्यक्षपद आता हाताच्या बोटावर येऊन बसलं होतं, चिमणीसारखं.

तेवढ्यात 'बिर्याणी' ऐकून जागा झालेला मडिवाळप्पा झोपाळ्यावरून बोलला,

"फिलोमिनाबाई, औंदा जरा जास्ती करा. मागल्या साली माझ्या वाट्याला नुसता भातच आलता!"