चौथा गिअरबॉक्स तुटत नाही

"यंदाचा गिअरबॉक्स माझ्याआधी मरत नाही," असं भट्टीनं सकाळी सकाळी गॅरेजचं शटर वर करता करता जाहीर केलं. ऐकायला कोण होतं? समोरचा कुलूपवाला आणि त्याचं मांजर. दोघांनीही मान हलवली, कारण भट्टीला नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच्या कपाळाला हात न लावताही ताप कळायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला भट्टीच म्हणायची. हातातून पाना निसटला तर हा आधी पान्याला शिव्या देई, मग पाना बनवणाऱ्याला, मग लोखंडाचा शोध लावणाऱ्याला.

पण यंदा रागाला कारणही होतं, खोटं कशाला बोला. गाडी त्यानं आणि धाकट्या बहिणीनं मिळून उभी केलेली. हा बांधणार, ती चालवणार. ड्रायव्हरच्या पाठीमागे पाचशे हॉर्सपॉवरचं इंजिन. सुरू केलं की शेजारच्या घरातली भांडी फळीवरून उड्या मारत. टेकडीवरच्या शर्यतीत मात्र ही गाडी दरवर्षी अर्ध्या वाटेत बसायची, आणि दर वेळी जायचा तो गिअरबॉक्सच. पहिल्याचे दात पडले, सत्तरीतल्या म्हाताऱ्यासारखे. दुसऱ्याचा शाफ्ट पिळलेल्या धुण्यासारखा बाहेर आला. तिसरा मधोमध उकलला आणि सगळं तेल रस्त्यावर. भट्टी म्हणे, हिचा हात जड. धाकटी म्हणे, याची निवड हलकी.

यंदा ती भांडली नाही. पुसलेले हात पुन्हा पुसत ती म्हणाली, "दादा, पलीकडच्या गॅरेजवाल्यानं मला त्याची गाडी चालवायला बोलावलंय. शर्यतीपर्यंत थांब म्हटलंय त्याला. चौथा तुटला तर मी जाते."

आता असं लागलं की माणसानं रडावं. हा भडकला.

त्याच भडक्यात तो भंगारवाल्या मावशीकडे गेला. मावशीचं दुकान म्हणजे गाड्यांचं स्मशान, आणि कुठलं हाड कुठल्या गाडीचं हे ती डोळे मिटून सांगे. चार बॉक्स भट्टीनं लाथेनंच बाजूला सारले. एकाचे दाते नाजूक, एकाचं आवरण पत्र्याच्या डब्यासारखं, एक चारशे घोड्यांच्या वर दम टाकणारा, आणि एक नुसता आवडला नाही म्हणून. मग मावशीनं ताडपत्री उचलली. जुन्या, दणकट रेसगाडीचा पाच गिअरचा बॉक्स. दाते तीन बोटं रुंद, शाफ्ट मनगटाएवढा, उचलायला दोन माणसं. भट्टीनं म्हशीच्या पाठीवर मारावी तशी त्यावर थाप मारली.

मावशी म्हणाली, माल खणखणीत आहे, पण त्या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, पार शेपटीत होतं. तुझं चाकांच्या पुढे आहे, म्हणजे बॉक्स फिरवून बसणार, तेव्हा आतलं मोठं चाक...

"मावशी, मी गिअरबॉक्स मागितला, प्रवचन नाही. बावीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय मी."

मावशीनं पुढचं वाक्य गिळलं. तिला काही शिव्या खायची हौस नव्हती.

बसवायला सहा दिवस गेले. शर्यतीच्या पहाटे गाडी जॅकवर चढवून भट्टीनं पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, पार पाचवा टाकला. चाकं गरगर फिरली, कुठं करकर नाही, खडखड नाही. धाकटी म्हणाली, एक चक्कर मारून बघते. हा म्हणाला, शर्यतीआधीच तोडायचाय का? आणि गाडी ढकलत ट्रेलरवर चढवली. चाकं फिरली हे त्यानं बघितलं. कुठल्या बाजूला फिरली, हे बघायचं राहून गेलं.

शर्यतीत धाकटीचा नंबर आला, तेव्हाही गाडी ढकलतच रेषेवर आणली. भट्टी गाडीच्या बरोब्बर मागे हाताची घडी घालून उभा, सगळ्या गावाला दिसावा म्हणून. झेंडा पडला. पाचशे घोडे उधळले ते थेट भट्टीच्या अंगावर.

भट्टी नाल्यात गेला. वेळ मोजणाऱ्यांचं टेबल कुठे गेलं ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. धाकटीनं ब्रेक दाबला, दुसरा गिअर टाकला, गाडी आणखी मागे. मग तिनं रिव्हर्स टाकून बघितला, आणि गाडी बापडी रांगत पुढे आली. पाच गिअर मागे आणि एकच पुढे.

लोक पोट धरून हसत होते, घड्याळ पळत होतं. धाकटीनं गाडी गर्रकन वळवली, शेपूट टेकडीकडे केलं, मान मागे वळवली आणि तशीच उलटी वर सुटली.

अधिकारी लाल झेंडा घेऊन धावला. नाल्यातून चिखलानिशी वर आलेल्या भट्टीनं त्याची कॉलर धरली. गाडीचं तोंड कुठं पाहिजे हे नियमात कुठं लिहिलंय ते दाखव म्हणाला. अधिकाऱ्यानं पुस्तक दोनदा चाळलं. कुठंच नव्हतं.

वरून आवाज येत होता. दुसरा, तिसरा, चौथा. दर गिअरला भट्टी डोळे मिटून 'कडाड' ऐकू यायची वाट बघत होता. आला तो भोंग्यातून निरोप. गाडी माथ्यावर पोचली. चौदात अकरावी, पण चार वर्षांत पहिल्यांदा पोचली.

भट्टी धापा टाकत वर गेला आणि पोचल्या पोचल्या मावशीच्या नावानं सुरू झाला. धाकटी म्हणाली, "आत्ताच फोनवर बोलले मी तिच्याशी. आतलं मोठं चाक डावीकडचं उजवीकडे घ्यायचं होतं. ती तुला तेच सांगत होती."

उतरताना उलटं जायला बंदी. म्हणून पुढे नेणारा तो एकटा रिव्हर्स गिअर, आणि त्याच्यावर जोर द्यायचा नाही, म्हणून माणसाच्या चालीनं. भट्टी शेजारी बसला होता. पहिल्या वळणावर म्हणाला, "तुटला नाही. म्हणजे राहतेस ना?"

"तीन वर्षं मी सांगत आले, दादा. पहिल्याच्या वेळी आत खडे वाजतायत म्हटलं. दुसऱ्याच्या वेळी क्लच जड झालाय म्हटलं. तू एकदा तरी ऐकलंस?"

भट्टी तडक दार उघडून खाली उतरला आणि तरातरा चालू लागला. पण गाडीची चाल आणि त्याची चाल एकच. उघडी खिडकी त्याच्या कानाशी, आणि धाकटी बोलतच होती. तो पळाला, दहा पावलांत दम लागला, खिडकी पुन्हा कानाशी. बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं तेवढं त्यानं त्या उतारावर ऐकलं.

शेवटच्या वळणावर ती म्हणाली, "मी राहते. पण इथून पुढे मावशीकडे मी जाणार, आणि ती बोलेल ते पूर्ण ऐकून येणार. मंजूर?"

माझ्या गॅरेजात माझंच चालणार, असं ठणकावून सांगायला भट्टीनं तोंड उघडलंसुद्धा. पण चालून चालून दम असा लागला होता की बाहेर नुसतं "बरं" पडलं.