बाबांच्या चालीची बारा चित्रं

निर्णय घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही! चपला मी पाच मिनिटांत घेते, नवरा दहा मिनिटांत पसंत केला होता. मग अ‍ॅनिमेशन टूडी शिकायचं की थ्रीडी, हा काय प्रश्न झाला?

मी छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरची चित्रं काढते. पंधरा वर्षांत त्यातलं एकही जागचं हललेलं नाही. एखादं तरी चालताना बघावं, एवढीच इच्छा!

क्लासच्या बाई म्हणाल्या, "दोन्ही करून बघा. टूडीसाठी एका माणसाची चाल निरखून बारा चित्रं काढा. थ्रीडीसाठी तोच माणूस चहूबाजूंनी बघा, अगदी वरूनसुद्धा. सोमवारपर्यंत सांगा हं, दोन्हीकडे एकेकच जागा उरलीय."

आमच्या घरात दिवसभर चालणारा माणूस एकच, माझे सासरे. तीस वर्षं बसून बस चालवली, त्याची भरपाई आता करतात. शनिवारी सकाळी मी वही घेऊन त्यांच्या मागे लागले. ते बाल्कनीत, मी बाल्कनीत. आधी टाच टेकते की चवडा? इतकी वर्षं चालतेय, पण मला ठाऊकच नव्हतं! मी पार जमिनीला गाल लावून बघितलं.

"काय पडलं, सूनबाई?"

"काही नाही बाबा, चाला तुम्ही. डावा पाय जरा ओढता का हो?"

झालं! सात चित्रं झक्क उतरली होती. पण हे ऐकल्यापासून बाबा गुडघेच वाकवेनात. कंपासपेटीतलं कर्कटक चालावं तसे चालायला लागले. शेवटची पाच चित्रं तशीच निघाली.

मग थ्रीडी. बाबा खुर्चीत टेकले. मी भोवती फिरून फोटो काढले, स्टुलावर चढून टकलाचा काढला आणि टेपनं खांदे मोजले. बाबांनी मुलाला फोन लावला.

"लवकर ये रे! आधी पाय बघितले, आता माप घेतेय. माझ्यापासून काय लपवताय तुम्ही?"

नवरा डॉक्टरांना घेऊनच आला. डॉक्टर म्हणाले, "चालून दाखवा." बाबांनी कर्कटक चालवून दाखवलं. डॉक्टर गंभीर झाले. "हे कधीपासून?"

"सकाळपासून. सूनबाईच्याच लक्षात आलं!"

त्यांचे डोळे भरलेले बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं कबूल केलं आणि वही पुढे केली. डॉक्टरांनी पानं फरफर उलटली. "सातव्या पानापर्यंत माणूस ठणठणीत आहे. पुढचा आजार तुमच्या प्रश्नाचा!"

नवरा पोट धरून हसला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी वही ओढून घेतली. एकदा उलटली, दोनदा उलटली, मग उलट्या बाजूनं.

"अगं, हा चालतोय की! आणि असा मागेमागेही जातो! हे शिकवतात कुठे?"

सोमवारी ते माझ्यासोबत क्लासला आले. मी बाईंना थ्रीडीबद्दलची माझी सतरावी शंका विचारत होते, तेवढ्यात बाबांनी टूडीच्या जागेवर नाव लिहूनही टाकलं. उरलं ते मी घेतलं.

पहिल्या गृहपाठाला बाबांनी माझी चाल निवडली. आठवडाभर वही घेऊन माझ्या मागे होते. बाईंनी भर वर्गात त्यांची पानं उलटली आणि अगदी भारावून म्हणाल्या,

"वा, काका! बदक काय हुबेहूब जमलंय!"