सीझन पासची खुर्ची

वणीच्या आमच्या गावसंघाला फुटबॉल येत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. माझी होऊन नऊ वर्षं झाली. (संघाचं नाव सांगत नाही. त्या अकरा जणांनाही बायकापोरं आहेत.) या गोष्टीआधीच्या नऊ वर्षांत संघ एकदाच जिंकला, आणि त्या रविवारी मी मेहुण्याच्या लग्नात नेरला पंगतीत वांग्याची भाजी वाढत होतो. सोमवारी मोटारीतून उतरलो तर स्टँडवर गुलाल सांडलेला. कशाचा म्हणून विचारलं, तर पानठेलेवाल्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. घरी मयत झाल्यावर धरतात तसा.

तेव्हापासून माझी एकच इच्छा उरली. संघ पुन्हा जिंकेल तेव्हा आपण मैदानावर असायचं आणि ते या डोळ्यांनी बघायचं. बस.

पण या इच्छेच्या आड माझी बायको पंचफुला आली. संघ हरला की मला जेवण जात नसे. संघ दर रविवारी हरे. तीन वर्षं तिने रविवारचं माझं ताट गाईपुढे ठेवलं, आणि चौथ्या वर्षी मला समोर बसवून शपथ घ्यायला लावली. माझी नाही, तिच्या स्वतःच्या गळ्याची! यापुढे फुटबॉलचं तोंड बघणार नाही असं मी बोललो, आणि पुरता एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाळलंही. (त्या दिवसांत सामने नसतात.)

मग सन साठच्या दिवाळीनंतर संघाच्या मंडळाचा सेक्रेटरी किसनसिंग जिनात आला. मी जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून आहे, कपाशीच्या गाड्यांची नोंद घेतो. किसनसिंगच्या हातात पावतीपुस्तक होतं.

"देवरावभाऊ, औंदा मंडळानं सीझन पास काढला. आठ म्याची, सहा रुपये."

"अन् गेटावर?"

"गेटावर चार आणे."

मी कारकून माणूस. आठ चोक बत्तीस आणे, म्हणजे दोन रुपये. "मंग वरचे चार रुपये कायचे?"

"खुर्चीचे!" किसनसिंग खाली वाकून म्हणाला. "गेटावाले मैदानाच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राह्यतात. पासवाल्याले नंबराची खुर्ची. पहिल्यापासून आखरीपर्यंत तुमचीच. दुसरा कोनी बसला त मी सोता उठवतो त्याले."

"मंडळाजवळ खुर्च्या कुठून आल्या?"

"तुम्ही कायले फिकर करता? बंदोबस्त झाला."

मी विचार केला. (हे मी करायला नको होतं. माझे सगळे घोटाळे विचार केल्यामुळेच झालेले आहेत.) जो माणूस एकही सामना चुकवत नाही त्याला स्वस्त पडावं, तर मंडळ त्याच्याच खिशातून तिप्पट काढत होतं. पण नऊ वर्षं मी उभं राहून हरलो होतो. बसून हरण्याचा अनुभव नव्हता. सहा रुपये दिले आणि सात नंबरची खुर्ची घेतली.

घरी सांगितलं, "कपाशीचा सीझन जोरात आहे, रविवारीही काटा चालू राहणार." पंचफुला म्हणाली, "बरं." इतक्या सहज म्हणाली की मला तिची दया आली.

पहिला सामना पांढरकवड्याशी. चार-शून्य हरलो. पण खुर्ची मात्र झकास! सागवानी, पाठ जरा मागे कललेली, बसल्याबरोबर जन्मभराची ओळख असल्यासारखी. फक्त पाठीचा एक खिळा सदऱ्यात अडकायचा. मी शेजारच्याला म्हणालोही, "अगदी असाच खिळा आमच्या घरच्या खुर्चीला आहे." माणसाने किती मूर्ख असावं याला काही हद्द?

खरी शिक्षा घरी होती. शपथेमुळे दुःख दाखवण्याची सोय उरली नव्हती. पंचफुलेने बेसनाच्या पाटोडीचा रस्सा केला होता. चार गोल खाऊन आलेल्या माणसाला ती म्हणाली, "जिनात लय काम पडलं असंल, पोटभर खा." मी तीन भाकरी खाल्ल्या. तिने चौथी वाढली. मी हसत हसत तीही खाल्ली, आणि रात्रभर उशी तोंडावर धरून पडलो.

दुसऱ्या रविवारी चांद्याच्या संघाने सहा गोल मारले. आमचा एक झाला, तोही चांद्याच्याच माणसाने चुकून मारला. घरी पुन्हा पाटोडी आणि पाच भाकरी. जेवण झाल्यावर पंचफुला माझा सदरा घेऊन टाके घालत बसली.

"पाठीवरच कसा फाटते हो हा? जिनात खिळे हाईत काय?"

"पोत्यांना असतात."

"पोत्याले खिळे," ती म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

तिसरा सामना कोळशाच्या खाणीवाल्यांशी होता. आणि काय सांगू, आम्ही दोन गोलांनी पुढे होतो! शेवटची दहा मिनिटं उरली होती. धुऱ्यावरच्या एकाने गुलाल आणायला माणूस पाठवला. मग खाणीवाल्यांनी एक मारला. मग दुसरा. तरी बरोबरी होतीच, आणि आमचा गोलकीपर अमरसिंग याने तिसरा चेंडू अडवला! नुसता अडवला नाही, छातीशी गच्च धरला. लोक ओरडले. तो आनंदाच्या भरात चेंडू घेऊन दोन पावलं मागे गेला. मागे गोल होता.

शिट्टी वाजली.

पुढचं मला नीट आठवत नाही. नऊ वर्षांचं सगळं हातात उतरलं. मी खुर्ची डोक्यावर उचलली आणि जमिनीवर आपटली. मागचा एक पाय काडकन मोडून लांब उडाला, खुर्ची उलटी पडली, आणि बैठकीच्या खालच्या बाजूला डांबराने लिहिलेली अक्षरं मी वाचली: "चि. सौ. कां. पंचफुला हीस बाबांकडून आंदण. नेर."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"अहो! माह्या बापानं देल्ली खुर्ची हाय ते!"

साऱ्या मैदानाने वळून पाहिलं. हरलेला संघसुद्धा थांबला. किसनसिंगची बायको रुपीबाई हिला बाजूला सारत पंचफुला सतरंजीवरून उठली आणि पदर खोचत थेट माझ्याकडे आली. किसनसिंग मधे पडला आणि त्याच्याकडून मला जे कळलं ते असं. मंडळाने खुर्च्या गावातल्या घरांतूनच मागून आणल्या होत्या. आमच्याकडची तो मी जिनात असताना घेऊन गेला होता. जी बाई खुर्ची देईल तिला सीझनभर बायकांच्या बाजूला प्रवेश फुकट.

म्हणजे माझ्याच खुर्चीवर बसायला मी सहा रुपये भरले होते, आणि तीच खुर्ची देऊन माझी बायको फुकट सामने बघत होती. (घरातून खुर्ची गेलेली मला कशी दिसली नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरी त्या खुर्चीवर लग्नापासून गाद्यांची चळत असते. गाद्या मला दिसत होत्या.)

"तू इथे कशी?" मी उसनं अवसान आणून विचारलं.

"मी शपथ नोती घेतली."

मी आवाज खाली आणला. "तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही येऊन बसले, मी समोरून पाह्यलं. म्हटलं, बसून राह्यले त बसू दे, खुर्ची त आपलीच हाय." मग तिने खोचलेला पदर सोडला. "गळा माह्याच होता ना हो? तुमाले काईच नाई वाटलं? म्हून चार भाकरी वाढल्या, मंग पाच. पुढच्या टायमाले सहा वाढनार होती."

मला फार लाज वाटली. लाज अशी वाटली की खाणीवाल्यांचा तिसरा गोल मी काही क्षण विसरलो. "सुताराला आजच बोलावतो," मी म्हणालो.

"सुतार कायले? ज्यानं मोडली त्यानं धराव."

आणि तसंच झालं. माझा सीझन पास तिने पदराच्या गाठीला बांधला. पुढच्या रविवारपासून सात नंबरच्या तीन पायांच्या खुर्चीवर पंचफुला बसली, आणि मी गेटावर चार आणे भरून आत येऊन, मागे उकिडवा बसून, डोकं बैठकीखाली घालून, मोडक्या पायाच्या जागी दोन्ही हातांनी खुर्ची तोलून धरू लागलो. पहिल्या रविवारी लोक तिच्याकडे बघत होते, दुसऱ्या रविवारी माझ्याकडे. चौथा, पाचवा, सहावा, सातवा, चारही सामने संघ हरला. ते मला खुर्चीच्या हलण्यावरून कळायचं.

आठवा आणि शेवटचा सामना नेरच्या संघाशी. शून्य-शून्य चाललं होतं. माझ्या मांडीत गोळा आला होता आणि डोकं बैठकीला घासत होतं. एकाएकी मैदानावर असा गलका उठला की तसा मी कधी ऐकला नव्हता. पंचफुला ताडकन उठून उभी राहिली, पण खुर्चीवर.

"काय झालं?" मी खालून ओरडलो.

"गोल! आपला गोल! हालू नोका, मी पडीन!"

मी हललो नाही. शिट्टी वाजली. गुलाल उडाला, त्यातला थोडा माझ्या मानेवरही पडला. बाकीचे दहा जण अमरसिंगला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरले म्हणे. माझ्या डोळ्यांसमोर एक सागवानी पाट होता, आणि त्यावर डांबराने लिहिलेलं सासऱ्याचं गाव.

आठवड्याने किसनसिंग पुन्हा पावतीपुस्तक घेऊन घरी आला. पुढच्या सालचे पास आतापासून देतोय म्हणाला. "दोन फाडू काय, देवरावभाऊ? आता त जितनारा संघ हाय आपला."

मी खिशात हात घातला. तेवढ्यात पंचफुला आतून चहा घेऊन आली.

"एकच फाडा, भाऊजी," ती म्हणाली. "खुर्चीच्या पायाले कायले पास लागते?"