भुयारात उतरण्यास कमिटीची हरकत

भाईंदर पश्चिमेच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी संध्याकाळी राक्षस मारले जातात, अशी तोंडी तक्रार आल्यावर कमिटीने आत्माराम परबांना पाहणीसाठी नेमलं. कीर्तनाच्या नादी लागलेला माणूस, भुताखेतांना भिणार नाही, असा विचार.

परब आत शिरले तेव्हा बी विंगमधली रसिका टेबलाशी बसून सांगत होती, “भुयारात अंधार आहे. पुढे काहीतरी घोरतंय. काय करताय?” समोर तीन पोरं. एक जादूगार, एक चोर, आणि नीलेश हा वैद्य. नीलेशने वीस बाजूंचा फासा टाकला आणि सगळी हळहळली.

“हे काय चाललंय गो?”

“खेळ आहे काका. पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत खेळण्यातले सैनिक मांडून लढाया खेळायचे. कुणाला तरी वाटलं, अख्खी फौज कशाला, एकेकाने एकच माणूस व्हावं. एकाने कथा सांगायची, बाकीच्यांनी ती आतून जगायची; डाव साधला की फसला, ते फासा ठरवतो. आजचे कितीतरी कॉम्प्युटर गेम याचीच नातवंडं. तिकडच्या आईबापांनीही सैतानाची पूजा म्हणून ओरड केली होती.”

“मग?”

“मग खेळ आणखी खपला.”

परबांनी खुर्ची ओढली. बुवा आख्यान रंगवतात तेव्हा आपण नुसती मान डोलावतो; इथे कथाच विचारत होती, आता तू काय करणार? पुढच्या रविवारी परब संन्यासी झाले, ड्रॅगनसमोर एकटे उभे राहिले आणि टाळ वाजवू लागले. फासा असा पडला, की ड्रॅगनला झोप लागली.

त्यांनी अनुकूल अहवाल दिला. कमिटीने तो सानंद स्वीकारून फाशांवर बंदी घातली. फासे म्हणजे जुगार.

“मग तलवार लागली की नाही, कोण ठरवणार?” रसिकाने विचारलं.

“कमिटी,” चेअरमन गावणकर म्हणाले. “बहुमताने.”

त्यासाठी कमिटी खेळायलाच बसू लागली. चेअरमन राजा झाले, सेक्रेटरी प्रधान, खजिनदार दुसरे राजे. भुयारात उतरायला कोणी तयार होईना, म्हणून उपसमिती नेमली. गुहेच्या अनधिकृत वापराबद्दल ड्रॅगनला समज देण्यात आली. नीलेशच्या औषधाचा परिणाम पुढील बैठकीपर्यंत स्थगित राहिला.

रसिका वैतागली. “फासे परत हवेत तर सर्वसाधारण सभेत ठराव आण,” चेअरमन म्हणाले, “हरलीस तर हॉल सोडायचा.”

“काका, हात वर करायला याल ना?” तिने परबांना विचारलं.

“अगो, ड्रॅगनपुढे उभा राहिलोय मी. गावणकराचं काय घेऊन बसलीस?”

सभेला गणसंख्या भरली नाही. नेहमीप्रमाणे सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली आणि नेहमीप्रमाणे त्याच खुर्च्यांवर, त्याच कमिटीसह पुन्हा भरली. आता गणसंख्येची अट नव्हती. जादूगाराला ऑफिस होतं, चोराला ताप, वैद्याला लग्न. परब घरी मोबाइलवर कीर्तन ऐकत होते. बुवा नेमके धैर्यावर बोलत होते. एवढी घरं आहेत, जातीलच की कोणीतरी, असं म्हणून त्यांनी आवाज वाढवला.

रसिकाने एकटीने हात वर केला. तो पंखा कमी करण्याच्या विनंतीसाठी होता, अशी नोंद होऊन ठराव सर्वानुमते फेटाळला गेला. हॉल आता कमिटीच्या खेळासाठी राखीव आहे.

श्रोतेहो, परबांना खुशाल हसा. फक्त तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत काय ठरलं, तेवढं सांगून मग हसा.