तिसरी लाथ

यादोराव ढोलीमागे वाकले ते लग्नपत्रिका लपवायला. पत्रिका सानगडीहून आली होती, व्याही जागेश्वर यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची, आणि ती आपल्या सुनेच्या नजरेस पडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. हात धानाच्या ढोलीमागच्या फटीपर्यंत गेला आणि कमरेत अशी चमक निघाली की माणूस तिथल्या तिथे अडकला. वर येता येईना, खाली बसता येईना. त्यांनी बायकोला हाक मारली, पण गोदावरीबाई विहिरीवर होत्या. धावत आली ती सून, धुरपता.

धुरपता सातवी पास होती. तिने सासऱ्याला धरून खाटेवर आणलं, त्यांच्या मुठीतली पत्रिका अलगद काढून घेतली, वाचली आणि देवाजवळ नेऊन ठेवली. एक शब्द बोलली नाही. यादोरावही बोलले नाहीत, कारण तीन वर्षांत ते तिच्याशी बोललेच नव्हते.

त्याला कारण एक खुर्ची. पंच्याहत्तर साली तेजरामच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नात व्याह्याने मोठ्या मानाने त्यांना खुर्ची दिली होती. खुर्चीचा मागचा पाय मोडका निघाला. दोन गावांसमोर यादोराव उताणे पडले आणि सगळ्यात आधी हसला तो जागेश्वर. त्या दिवसापासून सानगडीशी येणंजाणं बंद, सुनेचं माहेर बंद. तिला काही सांगायचं झालं तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणत, "पानी पाह्यजे म्हना." पाणी धुरपता आणून देई. हा अन्याय घरात सगळ्यांना दिसत होता आणि तोंड कुणीच उघडत नव्हतं.

"हे तवाचीच चमक आहे!" यादोराव खाटेवर कण्हत होते. "त्या सानगडीच्या खुर्चीनंच मोडली माही कमर!"

"अन् तीन वर्सं झोपली होती काय ते चमक?" गोदावरीबाईंनी तेलाची वाटी आपटली.

तेल झालं, गरम विटेचा शेक झाला, रुईची पानं झाली. चमक हटेना. शेवटी तेजरामने वडिलांना भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाय उचलून पाहिला, पाठीवर टिचक्या मारल्या आणि मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं.

"साहेब, चिरफाडीबिगर काही असन तं सांगा."

"आहे ना. फळीवर झोपायचं. कमरेला पट्टा. पायाला वजन बांधायचं. नाहीच जमलं तर नागपूरला जाऊन कण्यात सुई घ्यायची."

"केवढी सुई?"

डॉक्टरांनी दोन बोटांनी दाखवली. यादोरावांनी लगेच वजन पसंत केलं.

डॉक्टरांनी दोन विटा सांगितल्या होत्या. दोन विटांनी दोन दिवसांत गुण येईना, तेव्हा गोदावरीबाईंनी विटा सोडून दोरीला मसाल्याचा पाटा बांधला. पाठीला वाटीभर तेल, खाली गुळगुळीत सागाची फळी. पाटा खाली सोडला तसे यादोराव फळीवरून पायथ्याकडे घसरत निघाले. थांबायला म्हणून त्यांनी खाटेची उशाकडची दांडी पकडली, आणि कमर एकीकडे, हात दुसरीकडे अशा ओढाताणीत मान डावीकडे फिरली. फिरली ती तिथेच राहिली.

डावीकडे स्वयंपाकघर होतं. जिच्याकडे तीन वर्षं पाहिलं नाही, तिच्याकडे आता दिवसभर पाहणं आलं. धुरपता चूल पेटवताना दिसे, तांदूळ निवडताना दिसे. दुपारी सगळे लवंडले की ती देवाजवळची पत्रिका काढी, वाची, पदराने पुसून परत ठेवी. रोज. यादोरावांना लाज वाटली. मान फिरवावी म्हटलं तर ती फिरत नव्हती.

चौथ्या दिवशी शेजारची मंदाबाई डोकावली. "अवो, डाक्टर कायले पाह्यजे? पायाळू मानसाची लात मारा कमरेत. पायाकडून जन्मलेलं मानूस पाह्यजे फक्त."

"आता कुठी आहे पायाळू?" गोदावरीबाई म्हणाल्या. "मंगरूची माय होती, ते तं मेली."

स्वयंपाकघरातून हळू आवाज आला. "मी आहो ना पायाळू."

गोदावरीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "मंग इतके दिस सांगतलं काहून नाही वो?"

"कोनी विचारलंच कुठी?" धुरपता तांदूळ निवडत राहिली. "पन आत्याबाई, सासऱ्याले लात मारनं म्हंजे पाप. ज्यानं लात खाल्ली त्यानं मारनारीले संगं घेऊन तिच्या गावच्या मारोतीले नारळ फोडावं लागते. आठ दिसाच्या आत. नाही तं दुखनं दुप्पट होऊन वापस येते."

यादोरावांनी मनात दिवस मोजले. लग्न आठव्या दिवशीच होतं. एकीकडे सानगडी, दुसरीकडे ती सुई. त्यांनी डोळे मिटले. मान वळत नसल्यामुळे भिंतीशी बोलायचीही सोय उरली नव्हती, म्हणून ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "जाऊ म्हना."

रविवारी सूर्य उगवायच्या आधी, अनशापोटी, यादोराव अंगणात मांडवाची मेढ धरून वाकून उभे राहिले. तेजराम विहिरीवरून पाणी आणायचं निमित्त करून निघून गेला. धुरपताने आधी सासऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं, मग पदर खोचला. पहिली लाथ लागल्याचं त्यांना कळलंही नाही. दुसरी कळली. तिसऱ्या लाथेला हातातली मेढ सुटली आणि यादोराव अंगण ओलांडून गव्हाणीला धडकले. बैलाने मान वर करून पाहिलं. यादोरावांनीही वर पाहिलं, मग उजवीकडे, मग डावीकडे. ते सरळ उभे होते.

आठव्या दिवशी सानगडीच्या मांडवात ते तसेच ताठ उभे होते. नारळ फोडून झाला होता. विहीणबाई, चंद्रभागाबाई, बिचकत बिचकत समोर आल्या, तेव्हा त्यांनीच विषय काढला. "विहीनबाई, तुमची पोट्टी पायाळू, म्हनून मी आज उभा आहो."

"कोन, धुरपता?" चंद्रभागाबाई गोंधळल्या. "नाही बा. धुरपता तं डोक्याकडूनच झाली. पायाळू आहे ते आमची नवरी, ललिता."

यादोरावांनी एकदा नव्या नवरदेवाच्या कमरेकडे पाहिलं. मग कानशिलं तापली. सूनबाईने फसवलं होतं, लाथा घालून फसवलं होतं, आणि वर त्यांच्याच हाताने नारळ फोडवला होता. ते निघायच्या बेतात होते, तेवढ्यात जागेश्वर शाळेतली खुर्ची घेऊन आला. आधी स्वतः बसला, दोनदा हलून पाहिलं, उपरण्याने पुसली आणि खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"बसा, व्याही. तवा म्या हासलो, ते चुकलंच माहं."

यादोराव बसले. खुर्ची टिकली. धुरपता पाण्याचा पेला घेऊन आली. मांडवाला भिंत नव्हती, म्हणून त्यांना तिच्याकडेच पाहावं लागलं.

"तं तू पायाळू नाही?"

"नाही, मामाजी."

"मंग लाता कायच्या होत्या त्या?"

धुरपता खाली पाहत होती. "पहिली तुमच्या कमरेसाठी. दुसरीबी."

"अन् तिसरी?"

तिने पदर तोंडावर ओढला. "तिसरी माह्यासाठी."

जागेश्वरच्या हातातली खुर्ची थरथरली, पण या वेळी तो हसला नाही. यादोरावांनी पाणी संपवलं, पेला तिच्या हातात दिला.

"कमर तिसरीनंच मोकळी झाली वो बाई," ते म्हणाले.